भाकर आधी, ई मागून

लोक विचारतात, बाई, एवढे किस्से तुमच्याकडंच कसे? मी म्हणते, ज्या खोलीत चार माणसं रोज ठरवून चुका करायला बसतात, तिथं दुसरं काय साचणार? गिरणीत पीठ साचतं, जिनिंगमध्ये रुई साचते, माझ्या वर्गात हे साचतं. वेळेवर झाडून काढलं नाही तर पाय ठेवायला जागा राहणार नाही, म्हणून लिहून टाकते.

वर्ग म्हणजे फ्रेंचचा. हो, फ्रेंच. बाभुळगावात. आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून अभ्यासिका आहे, तिथं दुपारी चार ते सहा. शिकवणारी मी. वय बहात्तर, शिक्षण सातवी. कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं शिपाई होते. एकदा कोणीतरी दान केलेल्या गठ्ठ्यात फ्रेंच व्याकरणाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. पुसता पुसता मी ते उघडलं, तर ग्रंथपाल म्हणाले, "मावशी, ते तुमच्या कामाचं नाही." बस्स. तेवढं वाक्य मला पुरलं. आधी डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकले, मग इंग्रजीतून फ्रेंच. अकरा वर्षं लागली. पुढं ते पुस्तक कोणी नेत नाही म्हणून रद्दीत निघालं, तेव्हा मी मागून घेतलं. ग्रंथपालांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हा मी त्यांना फ्रेंचमध्ये धन्यवाद दिले. त्यांना वाटलं मी शिंकले.

विद्यार्थी तीन. पहिले वानखडेभाऊ, रिटायर एसटी कंडक्टर. मुलगा फ्रान्सात, सून तिकडचीच. व्हिडिओ कॉलवर सुनेकडं बघून नुसतं हसून हसून त्यांचे गाल दुखायला लागले, म्हणून शिकायला आले. दुसरी निकिता, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ती फ्रेंच का शिकते हे तिलाही माहीत नाही, पण तिच्याकडं चांगला मोबाईल आहे. आणि तिसरी माया सिस्टर.

खरा वर्ग मायाचा. ती राळेगावकडच्या एका दवाखान्यात नर्स, एसटीनं यायची. कॅनडात फ्रेंच बोलणारा मुलूख आहे, तिथं म्हाताऱ्यांच्या आश्रमात तिच्यासाठी नोकरी तयार होती. अट एकच, फ्रेंचची परीक्षा पास व्हायची. पहिल्यांदा नापास होऊनच ती माझ्याकडं आली होती. येत्या वाढदिवसानंतर तिचे वयाचे गुण कमी होणार आणि तिचा अर्ज बाद होणार. त्याच्या आत फक्त दोनदा बसता येत होतं. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं, "बाई, मले इथून निंगाचं हाय. दोन चान्स उरले."

मी म्हटलं, "बस. वही काढ."

*

नापास झालेला पेपर काही परत मिळत नाही, पण आपण काय लिहिलं ते मायाला शब्दन् शब्द पाठ होतं. मी ते उतरवून घेतलं आणि हबकले. जिथं तिथं ई.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपलं जसं खाल्ला, केला, पाहिला, तशी फ्रेंचमध्येही भूतकाळाची रूपं आहेत. बाईमाणसाबद्दल किंवा बाईलिंगी वस्तूबद्दल असेल तर त्या रूपाच्या शेवटी इंग्रजीतला ई हे अक्षर जोडतात. पण कुठं जोडायचा आणि कुठं नाही, याचे नियम आहेत. मायानं तो लग्नात फुलं उधळावीत तसा उधळला होता.

मी निकिताला आणि वानखडेभाऊंना वाक्य दिलं: मी सफरचंद खाल्लं. फ्रेंचमध्ये सफरचंद बाई आहे. निकितानं ई लावला. वानखडेभाऊंनी लावला. दोघांचंही चूक! एकाची चूक असेल तर मी आळस समजते. तिघांची तीच चूक असेल तर नक्की काहीतरी भानगड असते.

ती भानगड मला दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर सापडली. भाकर थापता थापता स्वतःशीच बोलत होते. मी भाकर खाल्ली. मी आंबा खाल्ला. मी वांगं खाल्लं. आणि हात थांबला. खाणारी मी एकच, आणि शब्द बदलतोय तो ताटातल्या वस्तूप्रमाणं! बहात्तर वर्षं हे तोंडानं बोलत आले आणि एकदाही कानाला लागलं नाही. फ्रेंच लोकही अगदी हेच करतात. फरक एवढाच, की त्यांची वस्तू वाक्यात आधी यावी लागते. 'मी खाल्ली भाकर' म्हटलं तर ई नाही. 'जी भाकर मी खाल्ली' म्हटलं की ई आला. आपण भाकर पुढं असो की मागं, 'खाल्ली' म्हणून मोकळे. त्यांना भाकर आधी दिसली पाहिजे.

तव्यावरची करपली. मी ती तशीच खाल्ली आणि चार वाजता वर्गात सगळं सांगितलं.

वानखडेभाऊंनी हिशेब लावला. मग म्हणाले, "म्हंजे प्रवासी आधी डोळ्यानं दिसला तरच तिकीट फाडाचं."

"बरोबर."

"अन् मागून चढला तं?"

"मागून चढला तर फुकट."

"अशानं तं डेपो बुडते त्यायचा," वानखडेभाऊ म्हणाले आणि त्यांनी नाराजीनंच नियम उतरवून घेतला.

*

मी फ्रेंच पुस्तकातून शिकले, त्यामुळं कित्येक वर्षं मी प्रत्येक अक्षर खणखणीत म्हणत होते. लिहिलंय ना, मग म्हणायचं. निकिता वर्गात आली आणि तिनं मोबाईलवर एका फ्रेंच बाईचा आवाज लावला, तेव्हा मला आधी वाटलं मोबाईल बिघडला आहे. अर्धी अक्षरं गायब! मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हणायला शिकले. ते मी कोणाला सांगत नाही, इथं लिहिते तेवढंच.

तर हा जो ई आहे, तो लिहायचा असतो, पण बहुतेक ठिकाणी ऐकू येत नाही. काही थोड्या शब्दांतच तो आधीच्या अक्षराला जागं करतो. हे सांगितल्यावर वानखडेभाऊ चिडले.

"म्हनाचा नाही तं लावाचा कायले?"

मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या छातीवर कंडक्टरचा बिल्ला होता. तो काय बोलत होता काय?"

"नाही बोलत होता," वानखडेभाऊ म्हणाले. "पन नसला का साहेब बोलत होता."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात ई कोणी विसरला की त्याला 'बिल्ला कुठाय' असं विचारतात.

*

फ्रेंचमध्ये भूतकाळ एकट्यानं उभा राहत नाही, त्याला मदतनीस लागतो. बहुतेक क्रियापदांचा मदतनीस आव्वार. पण पंधरासोळा क्रियापदं अशी आहेत, की ती आव्वारला दारात उभं करत नाहीत. त्यांना एत्र लागतो. आणि एत्र असला की भाकरीबिकरीचा प्रश्नच मिटला, ई लागतो तो खुद्द करणाऱ्या बाईला. मी गेली. मी आली. पुण्याकडच्या बाया 'मी गेले' म्हणतात आणि आमच्या 'मी गेली'ला हसतात. व्याकरणाच्या पुस्तकात पाहा म्हणावं, फ्रेंच आमच्या बाजूनं आहे. लिहिताना मीही 'गेले' लिहिते, ती लायब्ररीची सवय.

मायाला ही पंधरासोळा काही केल्या पाठ होईनात. दवाखान्यातून थकून यायची, पाच म्हणायची, सहावं विसरायची. माझ्या पुस्तकात आद्याक्षरं जुळवून केलेलं कुठलंसं इंग्रजी नाव होतं. मायाला नाव आठवलं की अक्षरं आठवत नव्हती.

वानखडेभाऊंनी यादी हातात घेतली आणि मोठ्यानं मराठीत वाचायला लागले. "गेला. आला. चढला. उतरला. पोचला. निंगाला. आत घुसला. बाहेर पडला. वापस आला, थोबी तीनदा. राह्यला. पडला." मग चष्मा वर करून म्हणाले, "बाई, हे तं सारे एसटीचे शब्द हायेत."

मी यादी परत पाहिली. खरंच. अकरा वर्षं मी ती जपासारखी घोकली आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. पण मीही सहजासहजी मानणारी नाही. म्हटलं, "दोन राहिले की. जन्मला आणि मेला. हे कसे बसवता एसटीत?"

"दोनी माह्या गाडीत झाले."

निकिता म्हणाली, "काय?"

"दारव्ह्याची फेरी होती. जातानी एक बाई बाळंत झाली, येतानी एक म्हातारा गेला."

"एकाच फेरीत?"

वानखडेभाऊंनी यादी घडी करून मायाच्या हातात दिली. "उतरतानी सीटा मोजल्या तं बरोब्बर होत्या," ते म्हणाले.

माया ती यादी पुन्हा कधी विसरली नाही. आम्हीही विसरलो नाही.

*

या एत्रचा वानखडेभाऊंना मात्र फार लळा लागला. आपला माणूस म्हणून ते त्याला कुठंही बसवायला लागले.

एका रविवारी दुपारी सुनेचा व्हिडिओ कॉल आला. तिनं विचारलं, जेवण झालं का? वानखडेभाऊंना सांगायचं होतं, माझं आटोपलं. त्याला आव्वार पाहिजे. यांनी एत्र लावला आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "झ स्वी फिनी."

म्हणजे, मी संपलो.

सून किंचाळली. मुलगा मागून धावत आला. तेवढ्यात आमच्याकडचं नेटवर्क गेलं आणि पडद्यावर वानखडेभाऊ छातीवर हात ठेवलेले तसेच गोठले. मुलानं शेजाऱ्याला फोन लावला. शेजारी धावत आला, त्याच्यामागं अर्धी गल्ली आली. आत वानखडेभाऊ संत्रं सोलत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भरपूर झापलं. "घाबरवलं ना बिचारीला. रडली म्हणे पोर."

"हो नं, रडली," वानखडेभाऊ खुशीत म्हणाले. "म्हंजे बाई, म्या बोललो थे समजलं तिले."

*

आता माझी चूक सांगते. मी लोकांच्या सांगते तर माझीही सांगितली पाहिजे.

आपलं जे 'खाऊन, जाऊन, करून' आहे, ते इंग्रजीवाल्यांना नीट जमत नाही, पण फ्रेंचमध्ये आहे. एयां मांजे म्हणजे खाऊन. एतां पार्ती म्हणजे निघून. मला ते इतकं आवडलं, की मी मायाला म्हटलं, "परीक्षेत एकदोन ऊन टाक. तपासणारा खूश होतो."

तिनं टाकलं. दुसऱ्यांदा परीक्षा देऊन आली तेव्हा मी स्टँडवर उभीच होते. गाडीतून उतरताच म्हणाली, "बाई, ऊन टाकून आली."

"कुठं टाकलं?"

"निबंध होता, कामावरचा कठीन दिवस. पोरायले कुत्रं चावलं त्या दिवसाचं म्या लिवलं." आणि तिनं फ्रेंच वाक्य म्हणून दाखवलं. व्याकरण चोख. मदतनीस बरोबर. ई नको तिथं नव्हता. तरी कानाला काहीतरी खटकलं.

"हे मराठीत म्हण बरं," मी म्हटलं.

"तीन पोरायले चावून," माया म्हणाली, "म्या त्यायले इंजेक्शनं देल्ली."

आणि ती तिथंच थांबली. स्टँडवरची माणसं आमच्याकडं बघायला लागली.

ऊन लावलं की दोन्ही कामं एकाच माणसाची होतात. जेवून झोपली म्हणजे जेवली तीच झोपली. कुत्रं चावणार आणि सिस्टर सुई टोचणार असेल, तर 'चावल्यावर' पाहिजे. फ्रेंचलाही हेच लागू. मी तिला ऊन शिकवलं आणि ल्यावर शिकवलंच नाही. आपल्याला न शिकवता येतं, म्हणून ते शिकवायचं असतं हेच माझ्या ध्यानात आलं नाही.

वर्गात निकिता म्हणाली, "म्हणजे आधी चावायचं, मग सुई. फुल सर्व्हिस." वानखडेभाऊ हसले, मायाही हसली. मी नाही हसले. महिन्याभरानं निकाल आला, थोडक्यात गेली होती. लेखीतच गेली होती.

मी तिला म्हटलं, "ही माझी चूक, तुझी नाही."

माया म्हणाली, "कोनाचीबी असू द्या बाई. आता एकच चान्स हाय."

*

फ्रेंचमध्ये मेला म्हणजे मोर. थट्टा नाही, लिहिण्यात ट आहे पण म्हणताना मोरच. पुरुष मेला तर मोर, बाई मेली तर मोर्त. इथं ई ऐकू येतो. आणि नवऱ्याला म्हणतात मारी.

तोंडी परीक्षेत घरच्यांबद्दल हमखास विचारतात. मायानं तयारीला लिहून आणलं, 'मों मारी ए पार्ती.' माझा नवरा गेला.

मी लाल पेन काढलं. तिच्या गळ्यात पोत नसायची, नवऱ्याचा विषय ती कधी काढायची नाही. मी काय ते समजले होते. म्हटलं, "पोरी, मेलेल्याला 'गेला' आपण म्हणतो. फ्रेंचमध्ये पार्ती म्हणजे बॅग घेऊन गेला. परीक्षेतली बाई विचारेल, परत कधी येणार. मोर म्हण."

"पन बाई..."

"पण नाही. म्हण."

"मों मारी ए मोर."

दहा वेळा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा वेळा. फ्रेंच र घशातून काढायचा असतो, तो तिचा कधी निघत नव्हता. या वाक्यात निघायला लागला. आठवड्याभरात तर असा निघाला की खिडकीवरची कबुतरं उडाली. वानखडेभाऊ दर वेळी मान खाली घालून बसायचे. निकितानं एकदा घरून तिच्यासाठी शिरा आणला.

दहाव्या दिवशी वर्गात मायाचा फोन वाजला. तिनं बघितलं आणि पालथा ठेवला.

"कोण आहे?" मी विचारलं.

"नवरा."

निकिताच्या हातातून पेन पडला.

"जिता हाय?" वानखडेभाऊंनी विचारलं.

"जिता हाय नं. सुरतेले गेला पाच वर्सं झाली, दुसरी केली तिथं. म्या तं पयल्याच दिशी पार्ती लिवलतं."

माझा असा पारा चढला. "मग दहा दिवस मोर मोर काहून करून राह्यली होती?"

"तुमी म्हनाले लावलं." मग वहीत बघत हळूच म्हणाली, "अन् बाई, म्हनून पाह्यलं तं बरं वाटलं."

*

खरं कळल्यावर वाक्य बदललं. आता 'त्यानं मला सोडलं' हे लिहायचं होतं. मी फळ्यावर फ्रेंचमध्ये लिहिलं आणि शेवटी ई लावला.

माया म्हणाली, "हा कायचा ई?"

"तुझा. सोडली कोणाला? तुला. तू बाई आहेस. आणि 'मला' आधी आलंय. म्हणून ई."

"पन आपल्यात तं 'मले सोडलं' म्हंतेत. सोडली नाही म्हंत."

मी खडू उचलला. मग फळ्यावर मराठीच लिहायला घेतलं. मी भाकर पाहिली. मी आंबा पाहिला. मी कुत्र्याला पाहिलं. मी बाईला पाहिलं.

खडू हातातच राहिला. ला लागला की 'ते' झालं. ताटातली भाकर बाई राहिली आणि जितीजागती बाई 'ते' झाली! फ्रेंचमध्ये बाईला कोणी पाहो, कोणी सोडो, ती बाईच राहते, ई तिच्या मागोमाग जातो. आणि माझ्या मायबोलीत...

वानखडेभाऊ समजुतीनं म्हणाले, "मानसाचेबी तेच हाल हायेत, बाई. मलेबी पाह्यलंच म्हंतेत."

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

निकितानं विचारलं, "मग मराठीत अशा वाक्यात बाईला ई लागतच नाही का, बाई?"

माया वहीत ते फ्रेंच वाक्य उतरवून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "लागते की. मुलगी पाह्यली. मुलगी देल्ली. बायको केली. बायको टाकली. तिथं बरोबर लागते."

वर्ग त्या दिवशी तिथंच सुटला. फळा तीन दिवस कोणी पुसला नाही.

*

शेवटची परीक्षा पुण्याला झाली. जाताना मी तिला एकच सांगितलं, "ऊन टाकू नको, ल्यावर टाक." वानखडेभाऊंनी खिडकीची सीट मिळवून दिली, निकितानं रुमाल दिला.

परत आली ती मुकी होऊन. "कसा गेला?" विचारलं तर "झाला." "तोंडी?" "झाली." वर्गात येऊन मागं बसायची, विचारलं तेवढं सांगायची. आधी मी रागावले. आठवड्यानंतर घाबरले. तिचा वाढदिवस तेरा दिवसांवर आला. वानखडेभाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, थे तिथं कोनाले चावली तं नाही ना?"

तिसऱ्या आठवड्यात, वाढदिवसाच्या चार दिवस आधी, वर्ग चालू असताना निकिताच्या मोबाईलवर निकाल उघडला. माया भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. निकितानं एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग मोबाईल माझ्या हातात दिला. लेखी पास. ऐकणं पास. तोंडीत सगळ्यात जास्त गुण.

माया भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "बाई, म्या तुमाले सांगतलं नाही. म्या त्या मॅडमची चूक काढली."

"कोणत्या मॅडमची?"

"परीक्षा घेनाऱ्या. थ्या फ्रान्सच्या."

मी बाकावर बसले. "नीट सांग."

"चांगलं चाल्लं होतं. शेवटी त्यायनं इचारलं, घरदार सोडून तिकडं जाचा जो निर्णय तुमी घेतला, थो कायले घेतला. पन बाई, त्या म्हनाल्या, 'ला देसिझ्यों क वू झावे प्री'."

मी डोळे मिटले. देसिझ्यों म्हणजे निर्णय, आणि फ्रेंचमध्ये निर्णय बाई आहे. शिवाय वाक्यात आधी आलेला. प्री नाही, प्रीझ. जिथं ई ऐकू येतो अशा थोड्या शब्दांतला एक. आणि बाई जन्मानं फ्रेंच!

"मग?"

"मंग मी म्हनाली, 'प्रीझ, मादाम.' तोंडातून निंगून गेलं. हात ठेवला तोंडावर, पन गेलं थे गेलं. त्यायचा पेन थांबला. मले वाटलं, झालं, माहा कॅनडा याच टेबलावर संपला."

"काही बोलल्या का नाही?"

"बोलल्या नं. म्हनाल्या, 'तुमच्या भारतात सगळे असंच बोलतात का?'"

वानखडेभाऊ पुढं सरकले. "अन् तू काय म्हनली?"

"म्या म्हनलं, नाही मॅडम," माया म्हणाली. "फक्त बाभुळगावात."